घरच्या घरी फुलांची ग्रीटिंग: ठसा, शाई, कागद आणि जलरंग

ठसा उमटवून त्यात जलरंग भरलेलं ग्रीटिंग दिसायला नाजूक असतं, पण त्यातलं निम्मं काम रंगाची डबी उघडण्याआधीच होऊन जातं. शाई पाण्याला टिकते का, कागद पाणी किती वेळ अंगावर धरून ठेवतो आणि वाटीतलं पाणी कुठलं आहे, या तीन गोष्टी जमल्या की बेताचा हातही चांगलं फूल रंगवतो. त्या जमल्या नाहीत तर कितीही महागाचे रंग आणा, रेघ फिसकटते आणि पाकळीवर डाग पडतात.

उदाहरणासाठी कापसाचं फूल घेऊ. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मराठवाड्यात ते बांधावर उभं राहून हवं तितकं पाहता येतं आणि रंगवायला सोयीचं आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या संकरित कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी दुधाळ पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होतं. म्हणजे खोडरबरावर एकच ठसा कोरायचा आणि एकाच कार्डावर दोन रंगांची फुलं करायची, तीही खोटं न सांगता.

कागद

पाकळी जिच्यावर रंगवायची ती पट्टी ३०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम) जलरंगाच्या कागदाचीच हवी. चित्रकलेच्या वहीचा कागद पाणी लागताच फुगतो आणि रंगाचा दुसरा हात देताना त्याचे बुरे निघतात. जलरंगाच्या कागदात खरखरीत आणि गुळगुळीत असे दोन प्रकार दुकानात सहज दिसतात, कोल्ड प्रेस आणि हॉट प्रेस. ठसा गुळगुळीतवर स्वच्छ उठतो, रंग खरखरीतवर छान पसरतो. नवशिक्यानं कोल्ड प्रेस घ्यावा आणि दोन्ही बाजूंवर बोट फिरवून कमी खरखरीत बाजूवर ठसा उमटवावा. खोडरबराचा ठसा मऊ असतो, तो खड्ड्यांतही बऱ्यापैकी बसतो.

कागद विकत घेण्याआधी किंवा घरी पडलेला वापरण्याआधी एक चाचणी करा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. पाच-दहा सेकंदांत थेंब आत जिरून मागच्या बाजूला ओल दिसली, तर तो कागद ओल्यावर ओल्या रंगकामाला, म्हणजे आधी पाणी लावून त्यात रंग सोडायला, निरुपयोगी. थेंब चकाकत मिनिटभर वर बसून राहिला, तर चालेल. कागदात घातलेल्या चिकट पदार्थामुळे, सरस किंवा स्टार्चमुळे, पाणी वर थांबतं. तो नसला की कागद टीपकागदासारखा वागतो.

हीच अडचण हातकागदाला येते. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याला हातानं कागद करण्याची जुनी परंपरा आहे, ती तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली त्या काळाशी जोडली जाते. हातकागद दिसायला देखणा असतो, त्याच्या कडांना कापावंसं वाटत नाही. पण त्यातला बराचसा कागद रंगकामासाठी केलेला नसतो, रंग टाकला की थेट आत उतरतो आणि पाकळीची कड केसाळ होते. तो कार्डाच्या बाहेरच्या घडीसाठी वापरा आणि रंगवलेली पट्टी त्यावर चिकटवा. त्याच्यावरच रंगवायचा हट्ट असेल तर २५० मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशनं एक हात द्या, दोरीवर वाळवा, मग दुसऱ्या बाजूनं तसंच. जिलेटिन प्राणिज असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कॉर्नफ्लॉवरची अगदी पातळ खळ लावावी. परिणाम थोडा कमी, पण रंग जागेवर थांबतो.

मापं

ए-फोरचा २५० ते ३०० जीएसएमचा कार्डशीट आडवा मधोमध कापा. प्रत्येक तुकडा २१० बाय १४८.५ मिमी होतो. तो १०५ मिमीवर दुमडला की १०५ बाय १४८.५ मिमीचं उभं कार्ड मिळतं. रंगवायची पट्टी ९५ बाय १३८ मिमी ठेवा, म्हणजे चारी बाजूंना साधारण ५ मिमीची चौकट दिसते. जलरंगाच्या एका ए-फोर कागदातून अशा चार पट्ट्या निघतात आणि चाचणीसाठी कडेच्या कातरणी उरतात. त्या फेकू नका, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतात.

दुमडायच्या रेषेवर आधी स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं दोनदा घट्ट रेघ ओढा. खाच बाहेरच्या बाजूला राहील आणि उंचवटा आत जाईल अशी घडी घाला. उलटी घातली तर घडीवर कागद ताणला जाऊन भेगा पडतात, गडद रंगाच्या कार्डशीटवर तर आतला पांढरा गर उघडा दिसतो. तरीही भेगा पडत असतील तर कागदाचे धागे आडवे गेलेत असं समजा. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा, जिकडे सहज वाकतो त्या दिशेला घडी समांतर हवी.

शाई: इथेच बहुतेकांचं फसतं

तहसील कचेरीच्या टेबलावर असतं तसं जांभळं किंवा निळं स्टॅम्प पॅड या कामाला चालत नाही. ती शाई पाण्यात विरघळणारी असते. ठसा सुंदर उठतो, तासभर वाळवला तरी ओला ब्रश लागताच जांभळा ओघळ पाकळीत शिरतो. हस्तकलेच्या महागड्या पॅडांमध्येही सगळी जलरोधक नसतात. मेमेंटो नावाचं लोकप्रिय पॅड अल्कोहोल मार्करसाठी (पाण्याऐवजी स्पिरिटमधल्या शाईच्या पेनांसाठी) उत्तम आहे, जलरंगाखाली मात्र पसरतं. जलरंगासाठी व्हर्साफाइनसारखी तेलयुक्त पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) किंवा रेंजर आर्काइव्हल घ्या. हे पॅड जिल्ह्याच्या ठिकाणीही दुकानात मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवावं लागतं. काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा राखाडी घेतलं तर फूल जास्त जिवंत दिसतं. काळी रेघ फिक्या पिवळ्या पाकळीवर दादागिरी करते.

पॅड कुठलंही असो, आधी कातरणीवर ठसा मारा, पंधरा मिनिटं थांबा आणि अर्ध्या ठशावरून ओला ब्रश चार वेळा फिरवा. दोन्ही अर्धे सारखे राहिले तरच पुढे जा. पिगमेंट शाई कोरड्या उन्हाळ्यात लवकर वाळते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रात्रभर ठेवावी लागू शकते. घाई असेल तर वर कोरा कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा.

पॅड मिळालंच नाही तर दोन रस्ते आहेत. पहिला ॲक्रिलिक रंगाचा. स्पंजच्या तुकड्यावर मटारएवढा रंग घेऊन आधी ताटलीवर टिपा आणि अगदी पातळ थर ठशावर थोपटा. ॲक्रिलिक वाळलं की पाण्यानं हलत नाही, पण ठशावरही वाळतं, म्हणून दर तीन-चार ठशांनंतर तो ओल्या फडक्यानं पुसावाच लागतो.

दुसरा रस्ता वेगळाच आहे: शाई विरघळणारीच घ्यायची आणि त्याचा फायदा करून घ्यायचा. शाळेच्या साध्या स्केचपेननं ठशाच्या रेघांवर थेट रंग लावा, पाकळीला गुलाबी, देठाला हिरवा. तोवर आधी लावलेला रंग सुकतो, म्हणून ठशावर तोंडानं ‘हाऽ’ करून वाफ सोडा आणि लगेच उमटवा. मग ओल्या ब्रशनं रेघेवरचा रंग पाकळीच्या आत ओढून घ्या. रेघ विरघळून नाहीशी होते आणि फूल नुसत्या रंगातून उभं राहतं. लहान मुलांबरोबर करायला हीच पद्धत चांगली, वेगळे रंग लागतच नाहीत. उणीव एवढीच की स्केचपेनचा रंग उजेडात फिका पडतो, त्यामुळे भिंतीवर लावायच्या कार्डासाठी ती नको.

ठसा कोरणं

कापसाचं फूल समोरून कोरायला गेलं तर एकमेकींवर चढलेल्या पाच पाकळ्यांची गुंतागुंत होते. बाजूनं पाहिलं तर तीनच पाकळ्या दिसतात, पेल्यासारख्या, आणि खाली करवतीसारख्या दातांची हिरवी पानं. हीच आकृती घ्या, उंची ३५ ते ४० मिमी. कपाशी ओळखू येते ती त्या दातेरी पानांमुळे. ती गुळगुळीत केली तर फूल जास्वंदीचं वाटतं. वाटणारच, दोन्ही एकाच कुळातली.

मोठं पांढरं नॉन-डस्ट खोडरबर घ्या. बटर पेपरवर ४बी पेन्सिलनं फूल काढा, कागद उपडा करून खोडरबरावर ठेवा आणि नखानं घासा. चित्र उलटं उतरतं आणि छापताना सुलट येतं. अक्षरं कोरायची असतील तर ही पायरी चुकवू नका, नाहीतर ‘शुभेच्छा’ आरशात वाचाव्या लागतील.

कोरायला लिनो कटरचं सर्वांत बारीक व्ही पातं चांगलं. ते नसेल तर नव्या पात्याचा पेन-कटर. रेघ सोडून बाजूचं रबर २ मिमी खोल काढायचं. पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा, म्हणजे रेघेची भिंत खाली रुंद आणि वर अरुंद राहते. पातं आतल्या बाजूला कललं तर भिंत खालून पोखरली जाते, दाबल्यावर रेघ वाकते आणि ठसा दुहेरी दिसतो. वळणावर हात न फिरवता खोडरबर फिरवा. रेघ १ मिमीपेक्षा बारीक ठेवायचा मोह टाळा, खरखरीत कागदावर ती तुटक येते.

कोरण्याची कटकट नको असेल तर रबरी शिक्के करून देणाऱ्याकडे चित्र द्या. तालुक्याच्या गावीही कचेरीच्या आसपास असा एखादा सापडतो. चित्र शुद्ध काळ्या-पांढऱ्यात, करड्या छटांशिवाय असावं आणि रेघ किमान अर्धा मिमी. साधा दांडीचा किंवा ठोकळ्याचा शिक्का मागा. आपोआप शाई लागणारा घेतला तर त्यात त्यांचीच शाई असते आणि ती आपल्या कामाची नाही.

उमटवणं

खाली आठ-दहा वर्तमानपत्रांची गादी ठेवा, त्यावर पट्टी. ठसा पॅडवर आपटू नका. ठसा हातात उताणा धरून पॅड त्याच्यावर चार-पाच वेळा हलकेच थोपटा, शाई फक्त रेघांवर बसते. सरळ खाली टेकवा, तळहातानं चार सेकंद दाबा, डोलवू नका, सरळ वर उचला. कडेला नको असलेले ठिपके आले तर तिथलं रबर अजून खोल काढा. रेघ मधेच गायब असेल तर गादी विषम आहे किंवा शाई कमी. सगळी रेघ जाड आणि भरलेली आली तर शाई जास्त झालीय, पुढचा ठसा पुन्हा शाई न लावता मारून पाहा, बऱ्याचदा तोच सर्वांत चांगला येतो.

दोन फुलं एकामागे एक दाखवायची असतील तर पुढचं फूल आधी छापा. तेच फूल चिकट चिठ्ठीच्या गोंद असलेल्या भागावर छापून रेघेच्या किंचित आतून कापा आणि छापलेल्या फुलावर झाकण म्हणून बसवा. आता मागचं फूल बिनधास्त वरून छापा. चिठ्ठी काढली की ते मागे गेलेलं दिसतं. झाकण रेघेच्या बाहेरून कापलं तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते.

पाणी आणि हवा

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्षाराचं. ज्या पाण्यानं स्टीलच्या भांड्यावर पांढरा थर धरतो, त्यात काही रंगांचे कण एकत्र गोळा होतात आणि सपाट हात द्यायचा तिथे दाणेदार दिसतं. जारचं किंवा आरओचं पाणी वापरा, दिवसभराच्या कामाला दोन पेले पुरतात. एक पेला ब्रश धुवायला, दुसरा फक्त स्वच्छ पाणी उचलायला. दुसऱ्यात रंगाचा ब्रश बुडाला की पिवळ्याचा शेवाळी झालाच म्हणून समजा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पाकळीवरचं पाणी ब्रश रंगाकडे जाईपर्यंत उडून जातं आणि रंग मऊ पसरण्याऐवजी कडक कड सोडतो. सकाळी नऊच्या आत काम करा, पंखा आणि कूलर कागदापासून दूर ठेवा. पट्टीला मागूनही ओला स्पंज फिरवला तर वेळ मिळतो.

रंगवणं

रंग जलरंगाचे ट्यूब किंवा केक घ्या. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, ठशाची रेघ झाकून टाकतो. लेमन यलो, क्रिमझन, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एवढ्यात सगळं भागतं. ब्रश गोल, ४ आणि २ नंबरचे, टोक धरणारे.

पट्टी मास्किंग टेपनं पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी चिकटवा. टेप आधी कपड्यावर एकदा लावून काढा, चिकटपणा कमी होतो आणि नंतर कागद सोलत नाही. ताटलीत तीन डबकी करा. तांदळाच्या दाण्याएवढा लेमन यलो एक चमचा पाण्यात, तेवढ्याच पाण्यात त्याहून कमी क्रिमझन, आणि थोडा दाट सॅप ग्रीन, त्यात बर्न्ट सिएनाचं टोक बुडवून. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर पानं प्लॅस्टिकची वाटतात.

आता मधली पाकळी. ४ नंबरच्या ब्रशनं तिच्यात फक्त स्वच्छ पाणी भरा, रेघेपासून १ मिमी आत राहून. कागद डोळ्यांच्या रेषेत आणून तिरपा बघा. पाणी तळ्यासारखं उभं दिसलं तर जास्त आहे, ब्रश फडक्याला टिपून कोरड्या टोकानं उचलून घ्या. सगळीकडे सारखी ओली चकाकी दिसली की वेळ झाली. पाकळीच्या बुडाशी पिवळ्याचा एक थेंब सोडा आणि ब्रश उचला. रंग वर चढताना आपोआप फिका होत जातो, ब्रशनं मदत करायला जाऊ नका. वरचा तिसरा हिस्सा जवळपास पांढरा राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवसाच्या फुलासाठी हेच उलट: बुडाशी पिवळ्याचा अंश, आणि चकाकी असतानाच वरच्या कडेला क्रिमझनचे दोन ठिपके. दोन रंग मध्यावर भेटतात तिथे कोवळा नारिंगी तयार होतो. शेतात कोमेजायला लागलेल्या फुलावरही साधारण असाच रंग सापडतो.

मधली पाकळी पूर्ण वाळू द्या, मगच बाजूच्या दोन. शेजारच्या ओल्या पाकळ्या रेघ असली तरी एकमेकींत उतरतात. वाळलं की नाही हे बोटांच्या मागच्या बाजूनं पाहा, गार लागलं तर आत ओल आहे.

चकाकी गेल्यावर पण कागद गार असताना पुन्हा ब्रश लावला, की फुलकोबीसारखा डाग फुटतो. ओला ब्रश अर्धवट वाळलेल्या रंगातले कण ढकलत कडेला नेऊन टाकतो, त्यामुळे असं होतं. असा डाग पडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. पूर्ण वाळू द्या, मग निथळलेल्या ब्रशनं कड हलकेच घासून मऊ करा, वर एक पातळ हात द्या. गुलाबी फुलावर तो डाग बऱ्याचदा शोभूनही दिसतो.

दुसरा हात फक्त सावलीला. पाकळी जिथे दुसरीखाली जाते तिथे क्रिमझन आणि अल्ट्रामरीनचं अगदी पाणीदार मिश्रण २ नंबरच्या ब्रशनं लावा आणि दुसऱ्या ओल्या ब्रशनं एक कड पुसट करा. दातेरी पानं कोरड्या कागदावरच भरा, दात टोकदार राहतात. मागे पार्श्वभूमी रंगवायची हौस असते, पण पांढरं मोकळं सोडलेलं कार्ड दहापैकी नऊ वेळा जास्त चांगलं दिसतं.

इतर फुलं जमवताना रंगापेक्षा सवयी पाहा. पळस फुलतो तेव्हा झाडाला पानं जवळपास नसतात, म्हणून होळीच्या कार्डावर हिरवा रंग काढूच नका. निष्पर्ण फांदी, नारिंगी पाकळ्या आणि देठाशी काळपट तपकिरी मखमली टोपी. करडईचं फूल पिवळ्यापासून लालसर केशरीपर्यंत जातं, ते पाकळ्यांनी नाही, बारीक तंतूंनी बनतं, तिथे कोरड्या ब्रशचे फटकारे हवेत. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) किंवा संक्रांतीच्या कार्डाला जवसाचं निळं फूल साजतं, अल्ट्रामरीनचा एकच पातळ हात पुरे. किनारीसाठी पैठणीवरच्या आसावलीसारखी वेल लांबट खोडरबरावर कोरून ठेवली की वर्षभर उपयोगी येते.

जोडणी आणि पाकीट

पट्टी पूर्ण वाळल्यावर टेप कागदाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. कागद सुटायला लागला तर हेअर ड्रायरनं टेप कोमट करा. पट्टी वाकडी झाली असेल तर मागच्या बाजूला ओला स्पंज पुसटसा फिरवून दोन कोऱ्या कागदांमध्ये जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. कार्डावर चिकटवायला दुहेरी टेप सर्वांत निर्धोक. फेविकॉलमध्ये पाणी असतं, जाड लावला की पट्टी पुन्हा फुगते. तोच वापरायचा असेल तर कडेला बारीक रेघ आणि वर वजन. फोम टेपनं फूल उचलून दिसतं, पण पोस्टानं जाणाऱ्या कार्डाला तो नको, शिक्का मारताना चेपतो.

पाकिटासाठी ए-फोर कागदातून २०० मिमीचा चौरस कापा. तो पतंगासारखा टोकावर ठेवा, मधोमध कार्ड आडवं ठेवून डावं-उजवं टोक आत दुमडा, मग खालचं, शेवटी वरचं. घड्या कार्डाला खेटून घालू नका, चारी बाजूंना २-३ मिमी सैल ठेवा. चिकटवायला साधारण एक सेंटिमीटर पट्टी मिळते.

दहा-वीस कार्डं एकदम करायची असतील तर पहिल्या दिवशी सगळं कापणं, घड्या आणि ठसे उरका, रंग दुसऱ्या दिवशी. रंगवतानाही सगळ्या कार्डांची मधली पाकळी आधी, मग बाजूच्या. शेवटचं कार्ड होईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं आणि डबकी पुन्हा पुन्हा कालवावी न लागल्यामुळे रंगही जुळतात. काम संपलं की खोडरबराचे ठसे बेबी वाइपनं किंवा साबणाच्या फडक्यानं पुसा आणि बटर पेपरात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा. प्लॅस्टिकच्या डबीत उघडे ठेवले तर काही महिन्यांत खोडरबर डबीला चिकटतं आणि बारीक रेघा तिथेच राहतात.